विश्लेषण : बाल्कनीतला गवती चहा, रानातली करवंदे आणि घरची बिअर... चिखलीत हे चालते का?

चिखलीतल्या एखाद्या नव्या सोसायटीतला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. घरातला एक जण चाकणला शिफ्टला जातो, दुसरा तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये. बाल्कनीत तुळस, गवती चहा, पुदिना, कुंडीतले लिंबू. रविवारी सकाळी यूट्यूबवर एक व्हिडीओ समोर येतो. परदेशातला कुणी गृहस्थ परसातली फुले आणि जंगलातली बोरे तोडून आणतो, स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यात बार्ली उकळतो आणि तीन आठवड्यांनी ग्लासात फेसाळती बिअर ओततो. पुढच्या दहा मिनिटांत मोबाइलवर शोध सुरू होतो. बार्ली माल्ट मिळते, हॉप्स मिळतात, यीस्टची पाकिटे मिळतात, झाकणाला नळी लावलेली बादलीही मिळते. सगळे घरपोच. एवढे सगळे उघडपणे विकले जाते, म्हणजे बनवायलाही हरकत नसणार, असा समज होणे स्वाभाविक आहे.

तो समज चुकीचा आहे. महाराष्ट्रात घरी बिअर बनवणे गुन्हा आहे. विकली नाही, कुणाला पाजली नाही, स्वतःपुरती चार बाटल्या केली, तरीही.

हा प्रश्न चिखलीपासून सुरू करण्याला कारण आहे. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेले हे गाव देहू आणि आळंदी यांच्या मधल्या पट्ट्यात, इंद्रायणीच्या काठी वसलेले आहे. जुन्या लोकांच्या तोंडी ते अजूनही ‘टाळगाव चिखली’ असते आणि महापालिकेचे संतपीठही इथेच आहे. दुसरीकडे, गेल्या पंधरा-वीस वर्षांत चिखली-मोशी-जाधववाडी भागात उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये देशभरातून आलेले नोकरदार राहतात. दारूचे दुकान इमारतीखाली असावे की नसावे, हा या भागातला धगधगता विषय आहे. मार्च २०२५ मध्ये भोसरीचे आमदार महेश लांडगे यांनी तो विधानसभेत मांडला. सोसायटीच्या व्यापारी गाळ्यात बिअर शॉप किंवा वाइन शॉप सुरू करायचे तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, असे तेव्हा उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सभागृहात जाहीर केले. तळमजल्यावरच्या दुकानाबाबत इतकी चर्चा होते, मग सातव्या मजल्यावरच्या बादलीचे काय?

कायदा नेमके काय म्हणतो?

महाराष्ट्रात मद्याचा सगळा कारभार १९४९ च्या दारूबंदी कायद्याने चालतो. मूळ नाव मुंबई दारूबंदी अधिनियम, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. गुजरातची दारूबंदीही याच मूळ कायद्यातून आली, हे अनेकांना ठाऊक नसते. राज्यात बार, परमिट रूम, वायनरी सगळे असले तरी कायद्याचा सांगाडा बंदीचाच आहे. म्हणजे आधी सगळ्याला मनाई, मग परवाना असेल तर तेवढ्यापुरती सूट.

कलम १२ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, ब्रुअरी उभारता येत नाही, मद्य बाळगता येत नाही, विकता-घेता येत नाही. कलम १३ आणखी पुढे जाते. मद्य तयार करण्यासाठी लागणारे साहित्य, भांडी, उपकरणे वापरणे किंवा जवळ ठेवणे यालाही ते मनाई करते. ऑनलाइन मागवलेली ती बादली इथे अडकते. बार्ली हे धान्य आहे, यीस्ट ब्रेडलाही लागते, त्यामुळे विकणाऱ्याला अडचण येत नाही. तेच साहित्य बिअरसाठी एकत्र आले की मात्र कलम लागू होते. शिक्षेची तरतूद कलम ६५ मध्ये आहे, त्यात तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत.

‘बिअर’ या शब्दाची व्याख्याही कायद्यात दिलेली आहे. एल, स्टाउट, पोर्टर आणि साधारणपणे माल्टपासून बनणारी इतर सर्व आंबवलेली पेये तिच्यात येतात. ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या त्याहून रुंद आहे : अल्कोहोल असलेला कोणताही द्रव. किती टक्के, याची खालची मर्यादा व्याख्येत नाही. देशाच्या अन्न सुरक्षा नियमांत ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेले पेय मद्य मानले जाते. राज्याच्या दारूबंदी कायद्याच्या व्याख्येत मात्र अशी रेघ नाही.

या कायद्याला आव्हानही लगेच दिले गेले होते. ‘मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा’ या खटल्यात १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, औषधे आणि प्रसाधने यांतल्या अल्कोहोलला मोकळीक दिली, पण बंदीचा गाभा कायम ठेवला. मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीतला विषय आहे. त्यामुळे घरी बिअर बनवू द्यायची की नाही, हे दिल्ली ठरवत नाही, मुंबई ठरवते.

ताडी आणि नीरा यांचे उदाहरण घेतले तर कायद्याची नजर कशी चालते ते समजते. झाडावरून पहाटे उतरवलेला, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. तोच रस उन्हात काही तास राहिला की हवेतले आणि मडक्यातले यीस्ट कामाला लागते आणि त्याची ताडी होते. माणसाने काहीच केलेले नसते, फक्त घड्याळ पुढे सरकलेले असते. कायद्यात मात्र दोन वेगळे शब्द आणि दोन वेगळे नियम आहेत.

बादलीत होते काय?

बिअरचे विज्ञान मराठी स्वयंपाकघराला अजिबात परके नाही. बाळासाठी नाचणीसत्व करताना आजी काय करते? नाचणी भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, वाळवते, मग दळते. बार्लीचे माल्ट करताना हेच होते, फक्त वाळवताना उष्णता मोजून दिली जाते. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरे जागी होतात. रोपाला वाढायला साखर हवी असते आणि दाण्यात साठा असतो स्टार्चचा. स्टार्च तोडून साखर करणे हे या विकरांचे काम. नाचणीसत्व बाळाला पचायला सोपे जाते, ते याचमुळे.

बिअरवाला दळलेले माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस पाण्यात तासभर ठेवतो. तापमान दोन-तीन अंश खाली-वर गेले तरी चव बदलते. थोडे कमी ठेवले तर जास्त साखर यीस्टला खाता येण्याजोगी होते आणि बिअर हलकी, कोरडी लागते. थोडे जास्त ठेवले तर न आंबणारी साखर मागे उरते, बिअर जड आणि गोडसर होते. गाळलेले गोड पाणी तासभर उकळतात. उकळताना हॉप्सची फुले पडतात, त्यांतून कडवटपणा येतो. हॉप्स हे थंड हवामानातल्या वेलीचे फूल. भारतात ते हिमाचलच्या लाहौलमध्ये पिकते, बरेचसे बाहेरून येते. मग द्रव झटपट थंड करून यीस्ट टाकतात. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडते.

अल्कोहोल किती झाले, हे काढायला प्रयोगशाळा लागत नाही. साखर विरघळली की पाणी जड होते. आंबवण्याआधी द्रवाची घनता १.०५० असेल आणि नंतर १.०१० उरली, तर फरक ०.०४० चा. त्याला १३१ ने गुणले की ५.२ येतात. बिअर साधारण ५.२ टक्क्यांची. काचेचा हायड्रोमीटर पाण्यात सोडून हे आकडे वाचता येतात. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत अनेकांनी तो हाताळलेला असतो.

अवघड भाग तापमानाचा आहे. एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट १८ ते २२ अंशांत सुखात असते, लागरचे त्याहून बरेच खाली, १० अंशांच्या आसपास. एप्रिल-मे मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ही तापमाने कुठून आणणार? यीस्ट तापले की घाई करते आणि डोके धरायला लावणारी जड अल्कोहोले तयार करते. मायक्रोब्रुअरीत टाकीभोवती थंड द्रव खेळवलेला असतो, तिथे अर्धी लढाई जिंकलेली असते. घरच्या बिअरमध्ये आणखी एक धोका बाटलीचा. आंबणे पूर्ण होण्याआधी बाटली सील केली तर वायू साठत जातो आणि काच फुटते. परदेशी हौशी मंडळी याला सरळ ‘बाटलीबॉम्ब’ म्हणतात.

हातभट्टीची विषबाधा आणि बिअर यांची मात्र सरमिसळ होते, ती होऊ नये. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. ती आंबवण्यातली चूक नव्हती, दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळलेले होते. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असते आणि तिच्यात ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टीवर वाफ करून अर्क काढणे, नसतेच. कायदा मात्र परवाना नसलेल्या दोन्ही गोष्टींकडे एकाच कलमातून बघतो.

रानमेव्याची बिअर ही फॅशन नवी की जुनी?

बिअर म्हणजे पाणी, बार्ली आणि हॉप्स, हे समीकरण पक्के झाले ते १५१६ मध्ये बव्हेरियाच्या शुद्धता नियमाने. त्याआधी युरोपात शतकानुशतके हॉप्सऐवजी रानटी वनस्पतींची मिश्रणे वापरली जात. ज्याला आज ‘फोरेज्ड’ बिअर म्हणून जास्त पैसे मोजले जातात, ती एके काळी गावातली रोजची बिअर होती.

बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये, म्हणजे विटबिअरमध्ये, संत्र्याची वाळवलेली साल आणि धने असतात. होय, आपल्या मिसळणाच्या डब्यातले धने. ग्लासातल्या त्या लिंबूसर, फुलांसारख्या वासाचे श्रेय बरेचसे धन्यांना जाते. जर्मनीतल्या गोस या आंबट बिअरमध्ये धने आणि मीठ पडते. ताकात मीठ-धनेपूड घालणाऱ्या माणसाला ती पहिल्या घोटात ओळखीची वाटली तर नवल नाही. बेंगळूरुच्या टॉइटने बासमती तांदळाची बिअर केली. पुण्यातल्या मूनशाइन मीडरीने पेरू-मिरची आणि खारवलेले कोकम अशा चवी मधाच्या पेयात आणल्या.

गवती चहाचा वास सिट्राल या द्रव्याचा, लिंबाच्या सालीत तेच असते. त्यामुळे गव्हाच्या बिअरशी तो चटकन जुळतो. तुळशीत युजेनॉल असते, लवंगेतही तेच. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टमुळे येणारा लवंगेसारखा वास त्याच्याच नात्यातल्या द्रव्याचा. कोकम आंबटपणा आणि रंग दोन्ही देते. जांभळाचा तुरटपणा बिअरला वाइनकडे ओढतो. करवंद अवघड आहे, त्याचा चीक आणि तुरटपणा फळ पुरते पिकल्याशिवाय जात नाही. फळातली साखर यीस्ट खाऊन टाकते, मागे उरतात रंग, आंबटपणा आणि वास. आमरसाची चव डोक्यात ठेवून आंब्याची बिअर मागवणाऱ्याची निराशा होते, ती याचमुळे.

महाराष्ट्रात यापेक्षा जुने आणि जवळचे उदाहरण आहे, ते म्हणजे धायटी. सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्याच्या तोंडावर लाल फुलांनी भरणारे हे झुडूप. संस्कृतात धातकी. आयुर्वेदातली आसवे आणि अरिष्टे करताना गूळ किंवा मध घातलेल्या औषधी द्रवात ही फुले टाकतात आणि भांडे झाकून ठेवतात. फुलांवरचे यीस्ट आणि त्यांतले मकरंद-टॅनिन आंबण्याला हातभार लावतात. न उकळलेल्या द्रवाचे ते आसव, काढ्याचे ते अरिष्ट. द्राक्षारिष्ट, दशमूलारिष्ट, कुमारीआसव या बाटल्या घरोघरी दिसतात, त्यांत असे ‘स्वयंभू’ अल्कोहोल असते आणि बाटलीवर ते लिहिलेलेही असते. रानातली फुले वापरून नियंत्रित आंबवणे हे तंत्र पुण्या-नाशिकच्या मायक्रोब्रुअरीच्या कितीतरी आधी इथे होते. फक्त ते पेय म्हणून नाही तर औषध म्हणून आले आणि औषधाच्या परवान्याखाली टिकले.

मोहाची गोष्ट मात्र उलटी झाली. गडचिरोली, गोंदिया, नंदुरबारच्या पट्ट्यात मोहफूल हे अन्न आहे, औषध आहे, देवाला वाहायचे आहे आणि दारूही आहे. १९४९ च्या कायद्यात मोहफुलांचा, मळीचा आणि सडक्या गुळाचा स्वतंत्र उल्लेख आला. झाडाखाली पहाटे वेचलेले फूल नियंत्रणाखाली गेले. २०२१ मध्ये राज्याने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोहफुले, काजूबोंडे अशा स्थानिक मालापासून बनणाऱ्या मद्याला ‘विदेशी मद्य’ वर्गात घेण्याचा निर्णय घेतला. कागदावर गडचिरोलीचे फूल विदेशी झाले! हेतू असा की देशी दारूच्या स्वस्त चौकटीतून बाहेर पडून या मद्याला चांगली किंमत मिळावी. पण फूल वेचणारी आदिवासी बाई आणि परवाना घेणारा कारखानदार हे एक नव्हेत, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त आहे. छत्तीसगडमध्ये आदिवासींना घरगुती वापरासाठी पाच लिटरपर्यंत मोहाच्या दारूची सूट आहे. दुसरीकडे, गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या आंदोलनातून आली आहे.

गोव्याने वेगळी वाट धरली. काजूच्या हंगामात बागांचे लिलाव होतात, परवानाधारक भट्ट्या लागतात, आधी हलकी उर्राक आणि मग फेणी निघते. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये राज्याने फेणीला वारसा पेय ठरवले. सावंतवाडी-दोडामार्गच्या बाजूला त्याच जातीची काजूबोंडे पिकतात, सीमा ओलांडली की नियम बदलतो.

पुण्यात हे सुरू कसे झाले?

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी पुण्यात, कोरिंथियन्स क्लबमध्ये २००९ साली सुरू झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांची ‘डूलाली’, आणि बिअर बनवणारे जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शाउफ. नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे. ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून राहत, कंटाळून सैरभैर होत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हा शब्द आला, त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप.

पुढे मुंढवा, कोरेगाव पार्क भागात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी, एफिनगट अशी नावे आली. ग्रेट स्टेट एल वर्क्ससारख्या छोट्या उत्पादकांनी नेहमीच्या लागरच्या पलीकडच्या बिअर आणल्या. आधी मायक्रोब्रुअरीतली बिअर तिथेच प्यावी लागे. २०२० मध्ये, करोनाच्या काळात, ग्राउलर म्हणजे मोठ्या बाटलीतून ती घरी नेऊ देण्याची परवानगी राज्याने दिली.

घरच्या प्रयोगातून परवान्यापर्यंत गेलेले सर्वांत बोलके उदाहरण बिअरचे नाही, मधाचे आहे. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास या दोघांनी मीड, म्हणजे मध आंबवून केलेले पेय, बनवण्याचा ध्यास घेतला आणि पुण्याजवळ पिरंगुटला मूनशाइन मीडरी उभी केली. २०१८ मध्ये त्यांचे पेय बाजारात आले. देशातली पहिली मीडरी म्हणून ती ओळखली जाते. अडचण चवीची नव्हती. ‘मीड’ नावाचा खणच परवान्याच्या कपाटात नव्हता. नाशिकमध्ये योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांनी सेराना मीड्स सुरू केली. नाव भारतीय सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावावरून, ‘एपिस सेराना’. त्यांच्या पेयांत जांभूळ आहे, द्राक्ष आहे. चिखलीच्या बाल्कनीतल्या माणसाला जे करावेसे वाटते, ते कायद्यात राहून करायचे तर रस्ता असा असतो : जागा, परवाना, शुल्क, तपासणी, बाटलीवर टक्केवारी. हौसेपुरती चार बाटल्यांची पायरी त्यात नाही.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण घरगुती बिअर कायदेशीर व्हायला १९७८ उजाडले. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३७८ लिटर, आणि दोन प्रौढांच्या घराला दुप्पट. विकायची मात्र नाही. आज जगाला माहीत असलेली अमेरिकी क्राफ्ट बिअरची लाट याच घरगुती बादल्यांतून उठली. ब्रिटनने परवान्याची अट १९६३ मध्येच काढली होती. जपानचा नियम मजेदार आहे. घरी एक टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोलचे पेय आंबवायला परवाना लागतो, म्हणून तिथे बिअरचे किट मिळते, पण सूचना एक टक्क्याच्या खाली थांबायच्या असतात.

महाराष्ट्रात अशी सूट द्यावी का? बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे : भट्टी नाही, विक्री नाही, प्रमाण ठरलेले, तर गुन्हा कशाला? विरोधातला मुद्दाही तितकाच खरा आहे. हातभट्टी शोधताना पोलिसांनी आणि उत्पादन शुल्क विभागाने ‘ही माझी हौस आहे’ हा बचाव रोज ऐकायचा का? सूट मिळाली तर ती प्रत्यक्षात कुणाला मिळेल, हा प्रश्न सर्वांत टोचणारा. फ्लॅटमधल्या इंजिनीअरच्या बादलीला छंद म्हणायचे आणि पाड्यावरच्या मडक्याला गुन्हा, असे झाले तर ती सुधारणा अर्धवटच राहील. त्यात जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. घरच्या बागेतली तुळस घातल्याने त्यात फरक पडत नाही.

मग रान आणि कुंडी यांचे करायचे काय?

पहिली गोष्ट, कुठून तोडायचे ते नीट ठरवा. इंद्रायणीवर आळंदीजवळ तरंगणारा पांढरा फेस वर्षातून अनेकदा बातम्यांत असतो. कुदळवाडीत वर्षानुवर्षे भंगाराची गोदामे होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामे पाडली. मोकळ्या झालेल्या अशा जमिनीवर पावसाळ्यात जे हिरवे उगवते, ते कितीही ताजे दिसले तरी पोटात घालण्याजोगे नाही. चाकण रस्त्याच्या कडेची पाने धुऊन धूळ जाते, मातीतून आत शोषलेले जात नाही. अभयारण्य आणि राखीव वनातून काही आणायला वन विभागाचे नियम आहेत. आणि ओळख पक्की नसेल तर हात लावू नका : धोत्रा आणि कण्हेर दोन्ही शहरभर दिसतात, दोन्ही विषारी आहेत. कुंडीतला गवती चहा आणि बाजारातली राजगुरुनगर-मावळकडून येणारी करवंदे-जांभळे हा शहाणा पर्याय.

दुसरी गोष्ट, आंबवण्याची हौस दारूशिवायही भागते. नाचणीची किंवा ज्वारीची आंबील हे त्याचे अस्सल मराठी रूप. पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचे, सकाळी शिजवायचे, मीठ-जिरे-लसूण लावायचे. इथे मुख्य काम लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंचे असते आणि शेवटी शिजवल्यामुळे आंबणे थांबते. जर्मन गोसचा आंबटपणाही याच जिवाणूंच्या घराण्यातला. कोकमाचे आगळ, जिरे आणि चिमूटभर मीठ सोड्यात घातले तर गोसची आठवण अल्कोहोलशिवाय येते. गवती चहा, संत्र्याची साल आणि ठेचलेले धने पाच मिनिटे उकळून, गाळून, थंड करून सोड्यात मिसळले तर विटबिअरचा वास बराचसा पकडता येतो. उकळलेल्या, साखर न आंबवलेल्या या पेयांना परवाना लागत नाही. आले-गूळ आंबवून केलेले ‘जिंजर बीअर’ किंवा कोंबुचा मात्र अनेक दिवस बाहेर ठेवला की त्यात थोडे अल्कोहोल तयार होते, हे लहान मुलांना देताना लक्षात असू द्या.

तिसरी, ज्याला खरोखर बिअरच शिकायची आहे त्याने मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधले मद्यार्क तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम पाहावेत, किंवा मायक्रोब्रुअरीत जाऊन टाक्यांजवळ उभ्या असलेल्या ब्रूअरशी गप्पा माराव्यात. गर्दी नसेल तर बहुतेक जण आनंदाने दाखवतात. चव घेताना चार-पाच छोट्या ग्लासांचा संच मागवावा, हलक्या बिअरपासून सुरुवात करून काळ्या स्टाउटकडे जावे. उलट गेले तर विटबिअरमधले धने जिभेला सापडतच नाहीत. बिअर फार थंड असेल तर दोन मिनिटे थांबावे, वास उघडतो.

जाण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ आहे, कडक मद्यासाठी २५. आणि पिण्याचा परवाना इथे आजही लागतो : विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभर, आजन्म हजार रुपयांना. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. मुंढवा किंवा कोरेगाव पार्क चिखलीपासून वीसेक किलोमीटर आहे, तेव्हा परतीची कॅब आधीच ठरवून ठेवलेली बरी.